सात ठिपके

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही गोष्ट मोजल्याशिवाय मान्य केली नाही. देव आहे की नाही असा वाद एकदा घरात निघाला, तेव्हा त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं होतं, "कुणी माप घेतलंय का?" चाकणच्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत ते अठ्ठावीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. संध्याकाळी कंपनीची बस त्यांना संत तुकाराम नगरच्या कोपऱ्यावर सोडायची, तेव्हा थकलेला माणूस मागे कुठेतरी राहायचा आणि इन्स्पेक्टर तेवढा ताजातवाना उतरायचा. शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायची ती स्टीलची सरकपट्टी, कायम खोचलेली. इतर लोक घरी आल्यावर हातपाय धुतात. हे आधी पिंपातलं पाणी सकाळपासून किती बोटं उतरलंय ते बघत, आणि मग धूत.

माझी त्यांची पहिली भेट माझं लग्न ठरताना झाली. मुलाची उंची पाच फूट आठ इंच, असं आमच्याकडून कळवलेलं होतं, आणि लग्नात जितपत खरं सांगतात तितपत ते खरं होतं. साडूंनी सकाळीच दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खूण करून ठेवली होती. मी चपला काढून आत शिरलो, त्यांनी एकदा माझ्या डोक्याकडे आणि एकदा खुणेकडे पाहिलं आणि भरल्या बैठकीत जाहीर केलं, "पाच साडेसहा आहे. दीड इंचाची तफावत. पण बाकी माल बरा दिसतोय, डेव्हिएशनमध्ये पास करू." मापाला किंचित चुकलेला पण वापरण्याजोगा माल कंपनीत असाच पास करतात, हे मला पुढे कळलं. सासरी मी अजूनही डेव्हिएशनमध्ये पास झालेला जावईच आहे. शाळेत मराठी शिकवतो म्हणून थोडाफार मान मिळतो, पण तो वेगळा.

त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला सगळे ताई म्हणत, मीही ताईच म्हणे. नवरा-बायको दोघंही परभणीकडची. ताई घरी ब्लाउज शिवायच्या आणि त्यांचा सगळा कारभार नजरेचा. बाई दारात उभी राहिली की तिच्याकडे एकदा बघायचं आणि कात्री चालवायची. टेप गळ्यात असे, पण तो मंगळसूत्रासारखा, रीत म्हणून. साडू मागाहून ते ब्लाउज गुपचूप मोजत आणि त्यात काहीच चूक सापडली नाही की दिवसभर चिडलेले असत. "ही पद्धत बरोबर नाही," ते मला सांगत, "नुसता रिझल्ट बरोबर येतो." भाकरीवर तर त्यांचा विशेष डोळा. एकदा ताटात पडलेली भाकरी त्यांनी व्हर्निअरमध्ये धरली आणि म्हणाले, "मधे अडीच, कडेला चार." ताई चुलीसमोरून उठल्यासारख्या गॅससमोरून उठल्या, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुमी भाकर मोजायलाव का खायलाव?" त्यानंतर दोन दिवस घरातली सगळी मापं बंद होती.

मंडईत त्यांची कीर्ती होती. तोंडली घ्यायला जाताना ते तारेच्या दोन रिंगा घेऊन जात. मोठ्या रिंगेतून जायला हवं, छोट्या रिंगेतून जाता कामा नये, असं तोंडलं ते एकेक करून निवडत. भोसरीची एक म्हातारी भाजीवाली त्यांना लांबून ओळखायची आणि पाटीवर पोतंच टाकायची. "सायेब, ही तोंडली हायत, नटबोल्ट न्हाईत," असं ती ओरडली तरी साडूंना तो अपमान वाटत नसे. उलट घरी येऊन ते कौतुकानं म्हणत, "बाईला फरक कळतो."

पण या सगळ्या वेडात एक शहाणपण होतं आणि ते त्यांनी मला एकदा नीट समजावून सांगितलं होतं. कंपनीत दर तासाला एक नग उचलून मोजायचा आणि तक्त्यावर ठिपका द्यायचा. वर एक रेघ, खाली एक रेघ. ठिपके दोन रेघांच्या मधे वरखाली उड्या मारत असतील तर चिंता नाही, मशीन श्वास घेतंय. पण सात ठिपके ओळीनं एकाच दिशेला चढायला लागले, की एकही रेघ ओलांडली नसली तरी मशीन थांबवायचं. आत कुठेतरी कापणारं टूल झिजत असतं. "एकदा घेतलेलं माप म्हणजे नुसता आकडा असतो, राव," ते म्हणत. "सात वेळा घेतलं की तो बोलायला लागतो." असंच एकदा त्यांनी सगळा माल पास होत असताना मशीन थांबवलं होतं. मॅनेजर अंगावर धावून आला. टूल काढून पाहिलं तर तुटायलाच आलेलं. त्याबद्दल कॅन्टीनमध्ये त्यांचा सत्कार झाला आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते दिवसाला चार मिनिटं मागे पडायचं. साडूंनी त्यावर रिजेक्टची लाल चिठ्ठी लावली आणि ते तसंच दिवाणखान्यात टांगलं.

ताईंचं पोट फुगायला लागलं तेव्हा सगळ्यांना गॅसेस वाटले. ओवा झाला, हिंग झाला, मग सोनोग्राफी झाली आणि अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, किमोचे सहा डोस झाले. डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई होत्या, फार न बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं की रक्तात एक घटक असतो, आजार किती आहे याचा अंदाज त्यावरून येतो. पस्तीसच्या खाली असला की ठीक समजायचं. ताईंचा सुरुवातीला कित्येक शेकडे होता. साडूंनी त्याच दिवशी आलेखाच्या कागदाचा मोठा ताव आणला.

त्या तावानं आम्हाला जगवलं, हे मान्य करायला हवं. प्रत्येक डोसानंतर ठिपका खाली उतरायचा आणि साडू तो ताव घेऊन इस्त्रीवाल्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना दाखवून यायचे. लॅबमध्ये त्यांनी मशीन शेवटचं कधी तपासून घेतलं त्याचं सर्टिफिकेट मागितलं. एकच रक्त दोन नळ्यांत भरून वेगवेगळ्या नावांनी दिलं आणि दोन्ही आकडे जुळल्यावर काउंटरवरच्या मुलीचं अभिनंदन केलं. ती बिचारी घाबरून आत मालकाला बोलवायला गेली. शेवटी आकडा नऊवर आला. त्या दिवशी साडूंनी पेढे वाटले. एकसारखे पेढे मिळावेत म्हणून तीन दुकानं फिरले होते. ताईंच्या डोक्यावर कोंबडीच्या पिलासारखी लव आली होती. तिच्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "आता समुद्र बघणार मी. गणपती उठले की आम्ही बहिणी कोकणात जाऊ." परभणीच्या बाईनं समुद्र पाहिलेला नव्हता.

डॉक्टरांनी तपासणी तीन महिन्यांनी सांगितली होती. साडू दर महिन्याला करत होते. श्रावणातल्या एका रविवारी सकाळी ते माझ्या घरी आले. चहा नको म्हणाले, तेव्हाच मला काहीतरी वाटलं. त्यांनी ताव जमिनीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर आमच्या चार वाट्या ठेवल्या.

"साडूभाऊ, हे बघा."

नऊ, अकरा, बारा, चौदा, सतरा, एकोणीस, बावीस.

"पण हे तर सगळे पस्तीसच्या आत आहेत," मी म्हणालो.

"आत आहेत. पण सात आहेत."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर शेवटचा आकडा बघतात. मी चाल बघतो."

मला गणितातलं काही कळत नाही, पण जिना चढणारा माणूस ओळखता येतो. मी म्हणालो, "ताईंना इतक्यात काही बोलू नका. पुढच्या महिन्यात खालीही येईल." त्यांनी ताव गुंडाळला. "तक्ता मशीनवरच्या माणसापासून लपवायचा नसतो, राव. त्याच्या समोरच टांगायचा असतो." ताई म्हणजे मशीनवरचा माणूस नव्हेत, हे उत्तर मला सुचलं तेव्हा साडू घरी पोचले होते. मी फोन उचलला आणि परत ठेवला. मुलांना रोज योग्य शब्द योग्य वेळी वापरायला शिकवणारा माणूस मी. ती वेळ मी चुकवली.

त्यांनी त्याच दुपारी सांगितलं. ताई प्रवासासाठी पिशवीला चेन लावत होत्या. ती त्यांनी पुरी लावली, दोरा दातानं तोडला आणि पिशवी माळ्यावर टाकून दिली.

डॉक्टरांकडे मीही गेलो होतो. स्कॅन केलं, त्यात काही दिसलं नाही. डॉक्टरबाईंनी साडूंचा ताव टेबलावर नीट उलगडून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "तुमचा अंदाज बहुतेक बरोबर आहे. आजार परत येतोय असं मलाही वाटतं."

क्षणभर साडूंचा चेहरा उजळला. अठ्ठावीस वर्षांची सवय होती ती. आपलं निरीक्षण बरोबर निघालं की माणसाला जे वाटतं तेच त्यांना वाटलं. आणि मग आपण कशात बरोबर निघालो ते ध्यानात आलं. तो चेहरा मी पाहिला नसता तर बरं झालं असतं.

"मग औषध चालू करा," ते म्हणाले.

"आत्ता चालू केलं तर किमोचा त्रास आत्तापासून होईल. आयुष्य त्यानं वाढतं असं दिसत नाही. त्रास सुरू झाला की देऊ."

"म्हणजे टूल झिजतंय हे कळतंय आणि मशीन तसंच चालवायचं?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"मग मोजायचं कशाला?" साडूंचा आवाज चढला नव्हता, उलट अगदी बारीक झाला होता.

डॉक्टरबाईंनी पेनाला टोपण लावलं. "काही आजारांत आकडा वेळेवर कळला की माणूस वाचतो," त्या म्हणाल्या. "काहींत नुसताच कळतो."

पुढचे महिने वाईट गेले. ताईंना काहीही होत नव्हतं आणि तरीही त्या झिजत होत्या. पोटावर सारखा हात. जेवताना घास थांबायचा. बायका ब्लाउज टाकायला यायच्या, त्यांना "महिनाभरानं बघू" म्हणून परत पाठवायच्या आणि महिना या शब्दाशी स्वतःच अडखळायच्या. कोकण राहिलंच. साडू पुढच्या आकड्याची वाट बघत, अठ्ठावीस, एकेचाळीस, आणि प्रत्येक आकड्यानंतर त्यांना वाटे की आता तरी डॉक्टर काहीतरी करतील. एकदा मी तिथे बसलेलो असताना ताई शांतपणे म्हणाल्या, "खरं तेच बोललाव तुमी. खोटं बोललाव असं मी म्हणत न्हाई. पण मला ऐकायचं हाय का, ते इचारलं का?"

साडूंनी हातातला रिपोर्ट घडी घालून खिशात व्हर्निअरच्या शेजारी खोचला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी लॅबचा माणूस रक्त घ्यायला घरी आला. ताईंनी हात पदराखाली घेतला. "हा हात माझा हाय. पोटात दुखलं तर बघू. तवर कुणी सुई घिऊन यायचं न्हाई." साडूंनी विनवलं, हे एवढं शेवटचं म्हणाले. ताई ढिम्म. लॅबचा माणूस चहा पिऊन गेला. ज्या माणसानं तोंडली मोजल्याशिवाय आणली नाहीत, त्याला आता हे न मोजता दिवस काढायचे होते. त्यांनी ताव गादीखाली ठेवला. पण डोळे कुठे ठेवणार? ताईंच्या बांगड्या पूर्वी मनगटाला घट्ट बसत. आता पीठ मळताना त्या पार कोपराकडे सरकत. साडू स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून त्या सरकणाऱ्या बांगड्यांकडे बघत, आणि मी आलेला दिसलो की दचकून बाजूला होत. "मी मोजत नाही, साडूभाऊ," ते एकदा आपण होऊन म्हणाले. "पण दिसतं."

नाताळच्या सुट्टीत माझ्या बायकोनं कुणाला न विचारता गाडी ठरवली आणि आम्ही चौघं कोकणात गेलो. किनाऱ्यावर चहावाल्याकडून प्लॅस्टिकची खुर्ची मागून आणली आणि पाणी पायाला लागेल इतक्या जवळ ताईंना बसवलं. त्यांनी बराच वेळ डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं. मला वाटलं आता डोळे भरून येतील. ताई म्हणाल्या, "एवढं पाणी! आन् आमच्याकडं टँकर." साडू मनगटावरच्या घड्याळाकडे बघत शेजारी उभे होते. लाटा मोजणं चाललं होतं, दुसरं काय. थोड्या वेळानं ते खाली वाकून म्हणाले, "आता मोठी येईल. पाय वर घे."

"येऊ द्या की," ताई म्हणाल्या. "भिजंल. दुसरं काय होणार?"

लाट आली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं, साडूंची पँटही भिजली. ताई हसत होत्या. कित्येक महिन्यांनी त्या हसल्या आणि साडू त्यांच्याकडे असे बघत राहिले, की पुढच्या लाटेचं त्यांना भानच राहिलं नाही.

संक्रांत झाली आणि आठवड्याभरात ताईंचं पोट दुखायला लागलं. साडूंनी श्रावणातच त्या तावावरची रेघ पेन्सिलीनं पुढे ओढून संक्रांतीजवळ एक बारीक फुली मारलेली होती. ती त्यांनी मला दाखवली नाही, गादी उचलताना मलाच दिसली. पुन्हा किमो झाला. या वेळी तो लागू पडला नाही. पावसाळा सरता सरता ताई गेल्या. भेटायला कंपनीतले जुने मॅनेजर आले होते, आता म्हातारे झालेले. काय बोलावं ते न सुचून म्हणाले, "तुम्ही तर कितीतरी आधी पकडलं होतंत म्हणे." साडू उठले, आत गेले आणि भरलेल्या पिंपात तांब्यातांब्यानं पाणी ओतत राहिले. पाणी वाहून बाहेरच्या खोलीत आलं तेव्हा माझ्या बायकोनं त्यांच्या हातातून तांब्या घेतला.

त्यांना एकच मुलगी. मारुंजीत भाड्यानं राहते, तिकडच्याच एका आयटी कंपनीत आहे. ताईंच्या आजारपणातच डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा आजार रक्तातून लेकीकडे येऊ शकतो आणि तिनंही एक तपासणी करावी. इथे मात्र कळल्याचा उपयोग होता. दोष असलाच तर नियमित तपासण्या करायच्या, पुढे ऑपरेशन करता येतं, आजार यायच्या आधीच. वर्षश्राद्ध झाल्यावर तिनं वडिलांना विचारलं, "बाबा, करू का?" मी समोरच होतो. ज्या माणसाकडे जगातल्या प्रत्येक मापाबद्दल मत होतं, तो माणूस फरशीकडे बघत बसला. मग म्हणाला, "कर. यात करायलाच पाहिजे. पण रिपोर्ट माझ्याकडं आणू नको. तुला वाटेल तेव्हा, तुला वाटेल त्याला सांग. मी विचारणार नाही."

तिनं तपासणी केली. दोष आहे. तिनं तो माझ्या बायकोला सांगितला, बायकोनं मला. साडूंना अजून कुणीच सांगितलेलं नाही, आणि गेल्या दीड वर्षात त्यांनी शब्दानं विचारलेलं नाही.

आता ते निवृत्त आहेत. दर रविवारी मारुंजीला लेकीकडे जेवायला जातात, कधीकधी मीही सोबत जातो. परवा परत येताना बस डांगे चौकाच्या गर्दीत अडकली होती. ते खिडकीशी बसले होते. बाहेर बघतच ते म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तिच्यासमोर फार मोठ्यानं हसता, त्यावरून कळलं मला."

मी हातातली तिकिटं दुमडत राहिलो.

"काय आहे ते सांगू नका. एवढंच सांगा, ती डॉक्टरकडं एकटी जाते का?"

"नाही," मी म्हणालो. "मावशी जाते बरोबर. दर वेळी."

"मग बरं," ते म्हणाले.

सिग्नल दोनदा सुटला आणि दोनदा लागला, तरी आमची बस हलली नाही. मांडीवर लेकीनं दिलेला डबा होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. बऱ्याच वेळानं, मला की स्वतःला कोण जाणे, ते हळूच म्हणाले, "आज पिठलं तिनं चांगलं केलं होतं."